नावडे फाट्यावर घर बंद पडलं

गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या बऱ्याच सभासदांनी एकच प्रश्न विचारला: भारतात गेल्यावर मोटरहोम भाड्याने घ्यावी का? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या, आत पलंग, शेगडी, फ्रिज आणि शौचालय असलेल्या गाड्या चालकासकट मिळतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी वय झालेले आईवडील आहेत, आणि हौसेपेक्षा ती गरज मोठी आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे. त्या वाटेवर गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला बसता येईल असं स्वच्छ शौचालय शोधायचं म्हणजे काय, हे ज्यांनी आईला घेऊन प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे. आम्हीही सासूबाईंसाठीच मोटरहोम घेतली. नाताळच्या सुट्टीत डोंबिवलीहून चिपळूणला, त्यांच्या माहेरी जायचं होतं.

गाडी नावडे फाट्यापर्यंत गेली.

डोंबिवलीहून पनवेलला जायचं तर शिळफाटा, दहिसर मोरी, तळोजा, नावडे, कळंबोली अशी वाट. तळोजा औद्योगिक वसाहतीचे टँकर, न्हावाशेव्याकडे जाणारे कंटेनर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रेलर सगळे याच रस्त्यावर. शिळफाट्यापासून आम्ही अक्षरशः पावलापावलाने सरकत होतो. अशा गाडीचं दुखणं इथेच सुरू होतं. प्रवासी गाडीतली माणसं उतरली की ओझं उतरतं. मोटरहोममधलं फर्निचर, बॅटऱ्या, एसी, सिलिंडर कधीच उतरत नाहीत. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो आणखी. एवढा भार घेऊन तासभर अर्ध्या क्लचवर सरकायचं म्हटलं की क्लच प्लेट घासत, तापत जाते. तळोजा मागे पडलं तेव्हा जळका वास येऊ लागला, आणि नावड्याच्या अलीकडे इंजिन नुसतंच घोंघावू लागलं, चाकं हलेनात. चालकाने उताराचा फायदा घेऊन गाडी कडेला लावली आणि म्हणाला, "ताई, क्लच बसला."

पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट मला आग्रहाने लिहायची आहे. मोटरहोम बंद पडली की आत बसून राहायचा मोह होतो. पलंग आहे, पंखा आहे, चहा करता येतो. बाहेर धूळ आणि हॉर्न. तोच मोह जिवावर बेततो. कडेला उभ्या असलेल्या वाहनावर मागून ट्रक आदळण्याचे अपघात आपल्याकडे सारखे होतात, रात्री तर फारच. म्हणून आधी माणसं बाहेर, रस्त्यापासून लांब, गाडीच्या पुढे नव्हे तर बाजूला. मग धोक्याचे दिवे, मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण, सिलिंडरचा कॉक बंद, शेगडीला हात लावायचा नाही. मुलांना बूट घालून उतरवायचं, सासूबाईंसाठी घडीची खुर्ची आणि औषधांची पिशवी आधी काढायची. आणीबाणीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे फोनमध्ये असावेतच, पण कागदावरही लिहून ठेवावेत, कारण फोन उतरलेले असतात.

गाडी देणाऱ्या कंपनीचं उत्तर असं होतं की सुट्ट्या आहेत, सोमवारी बघू. दुरुस्ती जवळच करून घेतो, असं आम्ही त्यांना संदेशातून कळवलं आणि होकार लेखी मागून घेतला. हे करायलाच हवं. जुनी प्लेट, बेअरिंग, पक्कं बिल सगळं जपून ठेवलं म्हणून नंतर हिशेबाला वाद उरला नाही.

कळंबोलीच्या बाजूने मोटारसायकलवर मिस्त्री आले, मागे हत्यारांची पेटी धरून बसलेला एक पोरगा. बॉनेटकडे जाण्याआधी त्यांनी विचारलं, "माणसं किती? आजी रात्री कुठे झोपणार?" त्याचं उत्तर मिळाल्यावरच ते गाडीत चढले. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन धक्का खाऊन बंद पडलं असतं. ते चालूच राहिलं. "प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगपण बदलू, परत परत उघडायला नको. फ्लायव्हीलवर चरे पडले असतील तर लेथवर न्यावं लागेल." मग पाण्याची टाकी तिथेच रिकामी केली, कपाटांची दारं दोरीने बांधली आणि टोचन लावून गाडी वर्कशॉपला गेली. अवजड वाहनांचे सुटे भाग, लेथ, वेल्डिंग, क्रेन हे सगळं कळंबोली-तळोजा पट्ट्यात हाकेच्या अंतरावर आहे. बिघाड व्हायचाच असेल तर मोटरहोमसाठी याहून बरी जागा कोकणाच्या वाटेवर मिळणार नाही. पळस्पे फाटा ओलांडून पुढे गेलो असतो तर असा मिस्त्री आणि असं दुकान शोधत बसलो असतो.

मात्र मी हे लिहायला घेतलं ते क्लचसाठी नाही. फाट्यावर चहाची गाडी लावणाऱ्या एक मावशी आमच्याकडे मघापासून बघत होत्या. त्या आल्या आणि मला काही न विचारता थेट सासूबाईंशी बोलल्या. "आजी, इथं धुळीत कशाला बसल्या, चला घरान." घर नावडे गावठाणात होतं, आगरी कुटुंबाचं. सिडकोने या परिसरात नोड वसवले, आता हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे, उंच इमारती गावठाणाच्या अंगावर आल्या आहेत. आत मात्र अंगण आहे, ओटा आहे. सासूबाईंना आतली खोली मिळाली. आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं झालं, मुलांनी सुकटही खाल्ली. दिवा-पनवेल मार्गावरचं नावडे रोड स्थानक जवळच आहे, आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या त्याच रुळांवरून जातात. सासूबाई खिडकीशी बसून प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होत्या. मावशींच्या सुनेने त्यांना विचारलं, "चिपळूणला कोण हाय तुमचं?" आणि मग दोघी रात्री उशिरापर्यंत भावंडांविषयी बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार झाली. मिस्त्रींनी मजुरीचा जो आकडा सांगितला, त्याचं मनातल्या मनात डॉलरमध्ये रूपांतर करायचं आम्ही टाळलं. दोन माणसांनी गाडीखाली झोपून केलेल्या कामाचे तिथले पैसे किती होतात ते विचारायचं आणि पूर्ण द्यायचे, इतकंच. मावशींनी पैसे घेतले नाहीत. त्या घेतील असं समजून पुढे केलेला हात मागे घेताना वाईट वाटलं, पण त्या घरात ते शोभणारं नव्हतंच.

आपल्यातली काही माणसं याहून कितीतरी लांबून गाडीने घरी गेली आहेत. भारुलता पटेल-कांबळे २०१६ मध्ये ब्रिटनहून एकट्या निघून, ३२ देश ओलांडून महाडला, सासरी पोचल्या. विराजित मुंगळे २०२४ मध्ये लंडनहून ठाण्याला आईकडे गेले. १६ देश, सुमारे १८,३०० किलोमीटर, ५९ दिवस. परदेशी क्रमांकाची गाडी नेताना 'कार्ने' नावाचा सीमाशुल्काचा दस्तऐवज लागतो, आणि गाडी बंद पडली म्हणून ती परत बाहेर नेण्याची जबाबदारी संपत नाही. तसा बेत मनात असणाऱ्यांनी दुरुस्तीइतकाच या कागदाचा विचार करावा.

आता इथलं, अमेरिकेतलं बोलू. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या सॅन होजे अधिवेशनाला आपल्याकडची काही कुटुंबं आरव्ही घेऊन आय-८० ने गेली. आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग ही राज्यं ओलांडताना गाडी बंद पडली असती तर? ट्रिपल एचं साधं सभासदत्व आरव्हीला सहसा लागू होत नाही, त्यासाठी आरव्हीचा वेगळा प्रकार घ्यावा लागतो. हे आधी तपासा. टो ट्रक आला तरी पुष्कळ गॅरेजची दारं आरव्हीच्या उंचीला पुरत नाहीत. मोटेल सापडेल, पण पथ्याचं जेवण, आजोबांचं इन्सुलिन ठेवायला फ्रिज, मुलांना झोपवायला ओळखीचं घर हे फोनवरच्या कोणत्याच सेवेत बसत नाही. या राज्यांतही मराठी माणसं राहतात. ती कुठे आहेत हे गाडी बंद पडलेल्या कुटुंबाला ठाऊक नसतं, आणि त्यांनाही कोणी अडकलंय हे कळत नाही.

म्हणून मंडळाने वाटेवरच्या घरांची एक यादी करावी असा माझा प्रस्ताव आहे. ती सार्वजनिक नसेल, कार्यकारिणीतल्या दोघांकडे राहील, आणि फोन आला की ते जवळच्या घराशी बोलून मगच पत्ता देतील. नाव देणाऱ्यांनी इतकं कळवावं: गाव आणि महामार्गाचं जवळचं एक्झिट, घरासमोर आरव्ही उभी राहील का, आणि नगरपालिकेचा रात्रीच्या पार्किंगला विरोध आहे का, ओळखीचा मेकॅनिक, जिना न चढता झोपायला खोली आहे का. घरच्या साध्या १५ अँपच्या प्लगला ३० अँपचा अडॅप्टर लावून आरव्हीचे दिवे, फ्रिज आणि बॅटरी चार्जिंग चालतं, एसी मात्र नाही. तो अडॅप्टर फार महाग नसतो. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तसं लिहावं, आणि नसलेल्यांसाठी मंडळाने काही विकत घेऊन ठेवावेत.

पुढचा अंक निघण्याआधी नावं आली तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत यादी वापरात येईल. पहिलं नाव आमच्या घराचं धरा: जिना नाही, ड्राइव्हवे लांब आहे, अडॅप्टर आणून ठेवला आहे. नेब्रास्का आणि वायोमिंगमध्ये आपले भाऊ-बहीण, मित्र, जुने सभासद असतील त्यांना हा अंक आवर्जून पाठवा, कारण सर्वांत मोठी रिकामी जागा तिथेच आहे.