विश्लेषण : आईबाबांसाठी लॅपटॉप घेताना किंमत पाहावी की तारीख?

बँकेचे खाते पाहणे, वीजबिल भरणे, परदेशातल्या नातवंडांशी व्हिडीओ कॉल, ई-पेपर वाचणे आणि यूट्यूबवर नाट्यगीते ऐकणे. घरातल्या ज्येष्ठांना लॅपटॉप लागतो तो एवढ्याच कामांसाठी. त्यामुळे ‘साधाच पुरे’ म्हणून सर्वांत स्वस्त नवा किंवा दुकानातला जुना लॅपटॉप घेतला जातो. मात्र ‘विंडोज १०’ला मिळणारे संरक्षण थांबल्यापासून हा हिशेब बदलला आहे. ज्या यंत्रावरून निवृत्तिवेतनाचे खाते उघडले जाते, त्याला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हा प्रश्न आता किमतीइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

विंडोज १० बंद झाल्याने काय बदलले?

मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याचा अर्थ जुने लॅपटॉप बंद पडले असा नाही. ते पूर्वीसारखेच चालतात आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रणालीत नवी त्रुटी सापडली तर ती बुजवणारे अपडेट त्यांना आपोआप मिळत नाही आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास ती विनाशुल्क मिळू शकते. मात्र त्यासाठी नोंदणी करावी लागते. आईबाबांकडे विंडोज १० असेल, तर पुढच्या भेटीत हे काम आधी उरकावे.

जुना लॅपटॉप विंडोज ११ वर नेता येत नाही का?

सगळे नेता येत नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत, काही अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. लॅपटॉपमधल्या एएमडी रायझनसाठी साधारण ३००० मालिका ही सीमारेषा धरावी. पिढी ओळखणे सोपे आहे. ‘आय५-७२००यू’ मधला पहिला अंक ७ म्हणजे सातवी पिढी. ‘आय५-८२५०यू’ म्हणजे आठवी. दिसायला दोन्ही सारखेच, दोन्हींवर ‘आय५’चे स्टिकर, पण पहिल्याला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. काही दुकानदार ही अट वळसा घालून चुकवतात आणि अशा यंत्रावर विंडोज ११ टाकून देतात. अशा यंत्रांना पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. विकत घेण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप दुकानातच चालवून पाहावे.

मग जुना घ्यावा की नाही?

घ्यायला हरकत नाही, पण निवडून. कंपन्या तीन-चार वर्षे वापरून काढून टाकतात ते थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारखे लॅपटॉप मजबूत बांधणीचे असतात, त्यांचा कीबोर्ड चांगला असतो आणि सुटे भागही मिळतात. दहाव्या-अकराव्या पिढीचा असा लॅपटॉप तळाच्या किमतीतल्या नव्या लॅपटॉपपेक्षा सरस ठरू शकतो. पक्के बिल, किमान सहा महिन्यांची वॉरंटी आणि बॅटरी प्रत्यक्ष किती वेळ टिकते, या तीन गोष्टी तपासाव्यात. मुलाचा किंवा सुनेचा वापरून झालेला लॅपटॉप आईबाबांकडे जाणार असेल, तर त्यालाही हीच परीक्षा लावावी.

नवा घेताना जाहिरातीत काय वाचावे?

सर्वाधिक फसगत ‘४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी’ या जोडीत होते. ईएमएमसी हा मोबाइलसारखा, संथ साठा आहे. विंडोज आणि तिची अपडेट यांनीच ६४ जीबीतली बरीच जागा व्यापली जाते. वर्षभरात जागा संपते, अपडेट अडकतात, यंत्र रखडते आणि ‘मलाच जमत नाही’ असे समजून ज्येष्ठ मंडळी लॅपटॉप मिटून ठेवतात. किमान ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी, शक्य असल्यास ५१२ जीबी, ही आजची खालची पातळी मानावी. त्यासोबत इंटेल आय३ किंवा रायझन ३ या कामांना पुरेसा आहे. आय७ किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड यांवर पैसे घालण्याची गरज नाही.

वाचलेले पैसे पडद्यावर घालावेत. १५.६ इंचाचा, फुल एचडी, आयपीएस प्रकारचा आणि न चमकणारा पडदा ज्येष्ठांच्या डोळ्यांना सोयीचा. सेटिंग्जमध्ये अक्षरे १२५ किंवा १५० टक्के मोठी करता येतात.

मेमरी महागल्याचा परिणाम काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपना मोठी मागणी आहे. त्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅम आणि एसएसडी महागल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीच्या ‘क्रुशियल’ या नाममुद्रेतून बाहेर पडण्याची घोषणा केली. त्यामुळे ‘आता ४ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हा जुना सल्ला महागात पडू शकतो. शिवाय अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते, ती वाढवताच येत नाही.

क्रोमबुकचा पर्याय कसा आहे?

फक्त ब्राउझर, ईमेल आणि व्हिडीओ कॉल असेल तर चांगला. क्रोमबुकना त्यांच्या प्लॅटफॉर्मच्या पदार्पणापासून दहा वर्षे आपोआप अपडेट देण्याचे गूगलचे धोरण आहे. मात्र ही दहा वर्षे आपल्या खरेदीपासून मोजली जात नाहीत. म्हणून त्या मॉडेलची शेवटची तारीख पाहूनच घ्यावे. विंडोजची सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचे टोकन किंवा जुना प्रिंटर वापरायचा असेल, तर क्रोमबुक टाळावे. हयातीच्या दाखल्यासाठी मात्र लॅपटॉपची गरजच नाही. ‘जीवन प्रमाण’ अँड्रॉइड फोनवरून चेहरा ओळखूनही देता येते.

सुरक्षिततेसाठी पहिल्या दिवशी काय करावे?

आईबाबांसाठी ‘स्टँडर्ड’ खाते उघडावे आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड घरातल्या जाणत्या व्यक्तीकडे ठेवावा. मग अनोळखी सॉफ्टवेअर सहज बसत नाही. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ असतोच. त्यामुळे दुकानदाराच्या आग्रहावरून अँटिव्हायरस विकत घेण्याची बहुतेकांना गरज नाही. पडद्यावर ‘व्हायरस आला, या क्रमांकावर फोन करा’ असे आले, तर फोन न करता लॅपटॉप बंद करावा, हे प्रत्यक्ष करून दाखवावे. दूरवरून पडदा ताब्यात देणारे ॲप कोणाच्याही फोनवरून सुरू करू नये. मुलगा किंवा मुलगी मदत करणार असेल, तर आधी आईबाबांनीच त्यांना नेहमीच्या क्रमांकावर फोन करावा. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही, हेही सांगून ठेवावे. पैसे गेलेच तर तातडीने १९३० वर तक्रार करावी.

एकूण हिशेब कसा मांडायचा?

किमतीला वापराच्या वर्षांनी भागून. उदाहरणार्थ, २० हजारांचा लॅपटॉप दोन वर्षांत रखडला तर वर्षाला १० हजार पडतात. ३६ हजारांचा सहा वर्षे चालला तर ६ हजार. यात दुरुस्तीचीही भर घालावी. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आईबाबा तालुक्याच्या गावी असतील, तर ज्या कंपनीचा तंत्रज्ञ घरी येतो तिचा लॅपटॉप दोन-तीन हजार जास्त देऊनही परवडतो. अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपची वॉरंटी भारतात लागू होते का, हे आधी विचारून घ्यावे.

आणि आईबाबांकडचा सध्याचा लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र असेल, तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी आणि नवी बॅटरी घालण्याचा खर्च विचारावा. ज्या यंत्राची सवय झाली आहे तेच पुढे चालणे, ही ज्येष्ठांसाठी अनेकदा सर्वांत मोठी सोय असते.