लिलावातले बालपण

२०२४ च्या नोव्हेंबरात सौदी अरेबियातील जेद्दा येथे इंडियन प्रीमियर लीगचा लिलाव झाला. बिहारच्या समस्तीपूर जिल्ह्यातील ताजपूरच्या वैभव सूर्यवंशी या तेरा वर्षांच्या मुलावर त्यात १ कोटी १० लाख रुपयांची बोली लागली. पुढच्या एप्रिलात जयपूरच्या सामन्यात त्याने ३५ चेंडूंत शतक झळकावले आणि देशभर एकच जयघोष सुरू झाला: पाहा, खेड्यातले रत्न बाजाराने कसे हुडकून काढले! मुलाच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याच्या फलंदाजीचा आनंद कोणाही रसिकाला व्हावा असाच आहे. शंका आहे ती या जयघोषाविषयी.

ही कथा सांगणारे तिचा पूर्वार्ध सोयीस्करपणे गाळतात. २००० साली झारखंड वेगळे झाले, तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाने मान्यता दिली ती झारखंडच्या संघटनेला. दहा कोटींहून अधिक लोकवस्तीचे बिहार राज्य त्यानंतर सुमारे दीड तप रणजी करंडकाच्या बाहेर राहिले. ज्या मुलांना शक्य होते ती परराज्यात गेली. पाटण्याचा ईशान किशन झारखंडकडून खेळला. ज्यांना शक्य नव्हते त्यांची नावे कोणत्याही धावफलकावर नाहीत. २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कोठे बिहारला दार उघडले. त्याच दारातून २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या बाराव्या वर्षी, वैभव मुंबईविरुद्ध पाटण्याच्या मैदानावर उतरला. लिलावाचा बाजार २००८ पासून भरतो आहे. बिहारच्या मुलांवरील अन्यायाविरुद्ध त्या बाजारातील कोणत्या धनिकाने मंडळाच्या दारावर धडक दिली? दार न्यायालयाने उघडले, मुलाच्या वडिलांनी त्याच्या खेळासाठी शेतजमीन विकली, आणि श्रेय मात्र बोली लावणाऱ्यांच्या पदरात पडले.

गुणवत्ता पुरेशी असते, ती आपली वाट आपणच काढते, हा समज भारतीय क्रिकेटइतकाच जुना आहे आणि तितकाच खोटा. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखता राखता पळवणकर बाळू गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. मैदानावर त्यांचा चेंडू सवर्णांना चालत असे. चहा मात्र त्यांना वेगळ्या भांड्यात मिळे. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही संघर्षानंतर. तेव्हा दाराशी जात उभी होती. आज जातीच्या जोडीला पैसाही उभा आहे: बॅट, पॅड, बूट, खाजगी शिबिराची फी, प्रवास आणि बुडालेली शाळा. हा खर्च ज्याला झेपत नाही, त्याची गुणवत्ता पाहायची कोणी आणि कोठे?

मुंबई क्रिकेटचे माहेरघर ठरली ती येथील सार्वजनिक मैदानांमुळे. आझाद मैदानावर एकमेकींना खेटून बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाशेजारी उभा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची हॅरिस ढाल, १९४८ पासून भर पावसात रंगणारी कांगा लीग, लोकलच्या गर्दीत किटबॅग घेऊन चढणारी मुले, पहाटे उठून रोलर फिरवणारे माळी: या साऱ्यांच्या श्रमावर मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या फलंदाज घडवले. ही संपत्ती कोणा कंपनीने निर्माण केलेली नाही. ती समाजाने जपली आहे, आणि तिचा नफा समाजाकडे परत येत नाही.

जे मागे राहतात त्यांचे काय होते? १९८८ मध्ये याच आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसला होता अमोल मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, पण भारतीय संघात त्याला कधीच स्थान मिळाले नाही. २०२५ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली महिलांनी विश्वचषक जिंकला, म्हणून आज आपल्याला त्याची आठवण आहे. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४ च्या वर होती. त्याची कसोटी कारकीर्द तेविसाव्या वर्षी संपली. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये शालेय सामन्यात ५४६ धावा काढल्या, २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात शतक ठोकले, आणि २०२४ च्या त्याच जेद्दाच्या लिलावात त्याला कोणी घेतले नाही.

सर्वांत बोलके उदाहरण कल्याणचे आहे. २०१६ च्या जानेवारीत प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. समोरचा संघ दुबळा होता हे सर्वांनाच ठाऊक होते. तरी दोन दिवसांत त्या पंधरा वर्षांच्या पोराला उद्याचा तेंडुलकर ठरवण्यात आले. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. धावा आटल्या, तेव्हा २०१७ मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ती थांबवण्याची विनंती केली. अपेक्षेचे ओझे एका रिक्षाचालकाच्या घराने असे सभ्यपणे उतरवून ठेवले. ते ओझे लादणाऱ्यांपैकी कोणी चार शब्दांचे तरी पत्र लिहिले काय?

दारिद्र्याचे गोडवे गाण्याची एक नवी रीतही रूढ झाली आहे. यशस्वी जयस्वाल भदोहीहून मुंबईत आला, आझाद मैदानावरील माळ्यांच्या तंबूत राहिला, पाणीपुरी विकली आणि भारतासाठी खेळला. त्याच्या जिद्दीला वंदन. परंतु अकरा-बारा वर्षांचे मूल तंबूत राहते, ही अभिमानाची गोष्ट की लाजेची? भूक खेळाडू घडवते असे म्हणणाऱ्यांनी आपली मुले उपाशी ठेवल्याचे ऐकिवात नाही.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही हीच गत. बालमजुरी प्रतिबंधक कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. मनोरंजन व खेळ यांना अपवाद मिळाला, मात्र शाळेला बाधा येता कामा नये या अटीवर. २०१७ च्या नियमांनी बालकलाकारांसाठी दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली आणि उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवण्याचे बंधन घातले. तत्त्व उत्तम आहे; पण कायद्याच्या लेखी मूल चौदाव्या वाढदिवशी मूल राहत नाही. वैभव आपला पहिला लीग सामना खेळला तो चौदावे वर्ष पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांतच. ज्या दिवशी बाजार खऱ्या अर्थाने सुरू होतो, नेमक्या त्याच दिवशी संरक्षण संपते.

यावर प्रतिवाद असा येतो की, पूर्वी गरीब खेळाडू उपेक्षेत मरत, आता निदान पैसा तरी मिळतो. हे खरे आहे. खेळाडूला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमची तक्रार आहे ती मोल मूठभरांना मिळते आणि जोखीम हजारोंवर पडते, ही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे लीगचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढ्या संपत्तीचा धनी असलेले मंडळ तामिळनाडूतील सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. ते सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. तरीही २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्यात माहितीच्या अधिकाराची कक्षा सरकारी साहाय्य घेणाऱ्या संघटनांपुरती राखण्यात आली. देशाचे नाव वापरायचे आणि देशाला हिशेब द्यायचा नाही, ही सवलत कशासाठी?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. अठरा वर्षांखालील खेळाडूचा लिलाव बंद करावा. त्याला संघात घ्यायचे तर ठरावीक मानधनावर घ्यावे, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तो सज्ञान होईपर्यंत त्याच्याच नावे राहावा. शाळा सुटणार नाही याची लेखी हमी करारात असावी. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा पालिकांच्या आणि जिल्ह्यांच्या खुल्या मैदानांसाठी, माळ्यांच्या वेतनासाठी आणि मुलामुलींच्या मोफत प्रशिक्षणासाठी कायद्याने राखून ठेवावा. जे मूल दुखापतीने वा धावा आटल्याने मागे पडेल, त्याच्या शिक्षणाचा भार मंडळाने उचलावा. आणि मंडळ माहितीच्या अधिकाराखाली यावे.

यांपैकी एकही मागणी अशक्य नाही. हवी आहे ती इच्छा, आणि ती आपोआप निर्माण होणार नाही. पालक, शिक्षक, नगरसेवक आणि जिल्हा संघटनांचे सभासद यांनी हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. आपल्या गावचे मैदान कोणाच्या ताब्यात आहे, तेथे कोणाला खेळू दिले जाते आणि कोणाला हाकलले जाते, याची विचारपूस करण्यापासून सुरुवात व्हावी. पुढचा वैभव कोठेतरी टेनिसच्या चेंडूवर खेळतच असेल. तो एकशे दहा लाखांचा माल म्हणून वाढणार की नागरिक म्हणून, हे ठरवण्याचा अधिकार बोली लावणाऱ्यांच्या हाती सोडून आपण केवळ टाळ्या वाजवत बसणार काय?