मांडीवर वळलेला धागा

लग्नसराई आणि ईद या दोन्ही वेळी आपल्या घरांत कपड्यांची चर्चा सर्वात जास्त होते. नवरीचा जोडा कुठून आणायचा, सासूबाईंना कोणती साडी द्यायची, मुलांना काय शिवायचे, याचे बेत महिनाभर आधीपासून सुरू होतात. त्या चर्चेत किंमत येते, रंग येतो, शेजारणीने काय घेतले तेही येते. कपडा कोणी विणला आणि त्याच्या हातात किती पैसे पडले, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. हल्ली ‘टिकाऊ फॅशन’ हा शब्द बराच ऐकू येतो. त्याचा अर्थ शोधायला आपल्याला परदेशात जाण्याची गरज नाही. भंडारा जिल्ह्यात गेले तरी पुरे.

भंडाऱ्याची ओळख तलावांचा आणि भाताचा जिल्हा अशी आहे. तितकीच जुनी ओळख टसर रेशमाची आहे. तुतीचे रेशीम किडे घरात, ट्रेमध्ये वाढवतात. टसरचे किडे जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत प्रामुख्याने ढिवर समाजातील कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. पाखरे आणि मुंग्या किडे खाऊन टाकतात, म्हणून झाडाखाली राखण करावी लागते. या झाडांवर कीटकनाशक मारता येत नाही, कारण मग रेशमाचा किडाच मरेल. झाड तोडूनही चालत नाही, कारण पीक झाडावरच येते. म्हणजे जंगल उभे राहिले तरच या कुटुंबांची चूल पेटते. पर्यावरणाचा यापेक्षा साधा धडा कोणता असेल?

या कोषांच्या धाग्यातून मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागांतील विणकर जी साडी विणतात, ती करवती काठाची साडी. काठाची किनार करवतीच्या दात्यांसारखी दिसते, म्हणून हे नाव. दोन काठांसाठी दोन आणि मधल्या अंगासाठी एक, असे तीन धोटे चालवावे लागतात. प्रत्येक ओळीला काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवायचा असतो. या कापडाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

आता या साडीच्या मागची एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. टसरचा कोष कडक असतो. तो सोडा घातलेल्या पाण्यात उकळून मऊ करतात. मग चार-सहा कोषांचे बारीक तंतू एकत्र ओढून त्यांचा धागा करायचा. हे काम बायका करत आल्या आणि ते त्या उघड्या मांडीवर करत आल्या. एका हाताने तंतू ओढायचे, तळहाताने मांडीवर घासून पीळ द्यायचा, दुसऱ्या हाताने गुंडाळायचे. दिवसभर, वर्षानुवर्षे. कातडी सोलवटते, पाठ आणि मान धरते. शिवाय मांडी उघडी ठेवून बसायचे, म्हणजे अब्रूचाही प्रश्न. पडद्याची काळजी घेणाऱ्या आपल्या घरांतील भगिनींना यातला संकोच समजावून सांगायची गरज नाही. ती बाई कोणत्या समाजाची आहे, याने त्यात फरक पडत नाही.

या कामासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या संशोधन संस्थेने छत्तीसगडमधील चांपा येथील एका उद्योजकासोबत ‘बुनियाद’ नावाचे छोटे यंत्र तयार केले. धागा ओढून गुंडाळण्याचे काम यंत्राकडे जाते. बाईने नीट बसायचे, कोषांवर नजर ठेवायची, तुटलेला तंतू जोडायचा. मांडी मधून निघून जाते. केंद्र सरकारने त्या वेळी जो हिशेब मांडला, त्यानुसार मांडीवर धागा काढणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे 125 रुपये मिळत, तर या यंत्रावर 350 रुपयांपर्यंत मिळू शकतात. मार्च 2020 पर्यंत मांडीवरची पद्धत देशातून संपवायची, असे उद्दिष्ट ठेवले गेले. ती मुदत उलटून वर्षे झाली. पण मुदत संपली म्हणजे पद्धत संपली, असे धरून चालू नये. यंत्र वाटणे ही पहिली पायरी आहे. गावात वीज टिकली पाहिजे, बिघडले तर दुरुस्त करणारा जवळ पाहिजे, कोष वेळेवर मिळाले पाहिजेत आणि काढलेला धागा चांगल्या भावाने घेणारा पाहिजे. यातले एक जरी नसले तरी यंत्र कोपऱ्यात धूळ खाते आणि बाई पुन्हा मांडी उघडी करून बसते.

यंत्राचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येते, आणि ती रास्त आहे. विणकाम आपल्या समाजाला परके नाही. 1857 नंतर उत्तर भारतातून निघालेली मोमीन-अन्सारी कुटुंबे मालेगाव, भिवंडी, नागपूर, कामठी येथे स्थिरावली, ती हातमाग घेऊनच. मग यंत्रमाग आले. त्यांनी हजारो घरांना रोजी दिली, हे खरे. पण मागावरचा जुना हुनर कित्येक घरांतून निघून गेला आणि मालक असलेला विणकर अनेक ठिकाणी पाळीवर काम करणारा मजूर झाला, हेही तितकेच खरे.

म्हणून आम्हाला वाटते, यंत्राला सरसकट चांगले किंवा वाईट म्हणण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. यंत्राने कोणाचा त्रास कमी झाला? वाढलेली कमाई राबणाऱ्याच्या हातात गेली की मधल्या माणसाच्या? आणि कापड जे आहे तेच राहिले की नुसती नक्कल उरली? ‘बुनियाद’ पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात उतरते. दुसऱ्याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. ते व्यापाऱ्यांनी आणि आपण ग्राहकांनी द्यायचे आहे. याउलट, करवती काठाची नक्कल पॉलिस्टरवर छापून ‘टसर’ म्हणून विकली जाते, तेव्हा ते यंत्र तिन्ही प्रश्नांत नापास होते.

आपल्या इतिहासात याचे एक सुंदर उदाहरण आहे. शुद्ध रेशीम पुरुषांना वर्ज्य, स्त्रियांना मुभा, हे आपण जाणतो. रेशमाची शोभा हवी पण मर्यादाही मोडायची नाही, अशा वेळी कारागिरांनी मशरू विणले. वरच्या बाजूला रेशीम, अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. नावाचा अर्थच ‘जायज’ असा. आपल्या औरंगाबादचे हिमरूही सूत आणि रेशीम यांच्या मेळातून घडले. म्हणजे श्रद्धेचा प्रश्न कारागिराने मागावर बसून, नवे तंत्र शोधून सोडवला. आजचा प्रश्न राबणाऱ्या बाईच्या अंगाचा आणि मजुरीचा आहे. तोही मागावर आणि बाजारात सोडवता येईल. (मिश्र कापडाबाबत शंका असेल तर आपल्या जवळच्या आलिमांना विचारावे.)

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू.

घेताना कापड उलटून पाहा. हातमागाच्या करवती काठात काठ आणि अंग जिथे जुळतात, तिथे धागे एकमेकांत गुंफलेले दिसतात आणि नक्षी दोन्ही बाजूंनी स्वच्छ असते. छापील नक्कल मागून फिकी दिसते. पदराचा एखादा सुटा धागा मिळाला तर जाळून पाहा. रेशमाला जळालेल्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी 2006 पासून दिले जाणारे ‘हँडलूम मार्क’ ही चिन्हे मागून घ्या.

दुसरे, घासाघीस. भाव विचारणे हा आपला हक्क आहे. पण विणकर स्वतः समोर बसलेला असताना शेवटचा रुपया ओढून काढणे, यात शहाणपण नाही. राबणाऱ्याची मजुरी अडवू नये, कमी करू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती फक्त घरकामाच्या बाईपुरती नाही.

तिसरे, इस्राफ टाळा. एका समारंभासाठी पाच जोडे घेऊन चार कपाटात ठेवण्यापेक्षा एक चांगला घ्या, जो मुलीच्याही अंगावर जाईल. टसर नीट सांभाळले तर वर्षानुवर्षे टिकते. सुती कापडात गुंडाळून ठेवा, सहा महिन्यांनी घडी बदला, कडक उन्हात वाळवू नका.

चौथे, आपल्या शिकलेल्या मुली. 2019-20 च्या हातमाग गणनेनुसार देशातील हातमाग कामगारांत 72 टक्के महिला आहेत. कापड त्या घडवतात, पण नक्षी, भाव आणि विक्री बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या हातात असते. शिवणकाम, डिझाइन, मोबाइलवरून विक्री शिकलेली आपली मुलगी कामठीतून किंवा नागपुरातून भंडाऱ्याच्या विणकराशी थेट जोडली गेली, तर दोन्ही घरांत हलाल रोजी येईल.

बरकत स्वस्त कपड्यात नसते आणि महागातही नसते. ज्याने घडवले त्याचा हक्क देऊन घेतलेल्या कपड्यात ती असते. या ईदला जोडा निवडताना दुकानदाराला रंगासोबत एवढे एक विचारा: हा धागा कोणी काढला, आणि कसा? बऱ्याच दुकानांत उत्तर मिळणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील.