पन्नास एमएमचा हेका

‘पहिली प्राइम लेन्स कोणती घेऊ?’ असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे : पन्नास एमएम. दुकानदार तेच सांगतो, कार्यशाळा घेणारे तेच सांगतात, लग्नांचे फोटो काढणारा मित्रही तेच सांगतो. स्वस्त आहे, हलकी आहे, कमी उजेडात चालते, मागचं सगळं मस्त ब्लर होतं. यातलं एकही विधान खोटं नाही. तरीही हा सल्ला आपल्याकडच्या घरांसाठी चुकीचा आहे. आणि एकच लेन्स फिल्म व डिजिटल अशा दोन्ही कॅमेऱ्यांवर लावणाऱ्यासाठी तर फारच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. यात मी स्वतः फसलो आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करतो.

माझ्या आजीचं घर लोहाऱ्याचं. यवतमाळला अगदी लागून असलेलं हे गाव बाहेरच्या लोकांना एमआयडीसीमुळे माहीत असतं. आजीच्या घरात दहा बाय दहाच्या दोन खोल्या, वर कवेलू, पुढे ओसरी. दिवाळीच्या आसपास वेचलेला कापूस भाव वाढेल या आशेवर आतल्या खोलीत भरून ठेवलेला असे, आणि त्या ढिगाला लागूनच आजीची बाज. काकांनी वापरून झालेला एक मॅन्युअल फिल्म कॅमेरा मला दिला होता. पुढे मी एक साधा डिजिटल घेतला. दोन्हींवर बसेल अशी एकच लेन्स घ्यायची ऐपत होती. सगळ्यांचं ऐकून पन्नास एमएम, एफ/१.८ घेतली.

तीन वर्षं मी आजीचे फोटो काढले. बाजेवर बसलेली आजी खोलीत उभं राहून चौकटीत मावायचीच नाही, म्हणून मी दाराबाहेर ओसरीत जाऊन आत कॅमेरा रोखायचो. ती वैतागायची. ‘कायले तिकडं दूर उभा रायतं रे? अंदर ये ना.’ मी आत जायचो आणि मग फक्त चेहरा यायचा. चेहरे सुंदर आले, यात शंका नाही. पुढे आजी गेली. दुसऱ्या वर्षी घर पाडून त्या जागी स्लॅबचं घर झालं. तेव्हा मी सगळे फोटो उघडून बसलो. जवळजवळ चारशे होते. आजीच्या कपाळावरचं गोंदण, कानातली भोकं, सगळं स्पष्ट. पण घर कुठेच नाही. कापसाचा ढीग म्हणजे मागे एक पांढरट धूसर डाग. चूल नाही, कोनाडा नाही, कवेलूंतून पडणारे कवडसे नाहीत. त्या घराचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही.

हे का झालं, त्याचं गणित शाळकरी आहे. समोरची जेवढी रुंदी चौकटीत हवी, तिला लेन्सच्या एमएमने गुणायचं आणि फिल्मच्या किंवा सेन्सरच्या रुंदीने भागायचं. किती मागे सरकावं लागेल ते कळतं. पस्तीस एमएम फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या डिजिटल कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर जेमतेम २४ मिलिमीटर. आता सहा फुटांची बाज घ्या. पन्नास एमएमने फिल्मवर ती पूर्ण घ्यायला सव्वाआठ फूट मागे जावं लागतं. तीच लेन्स डिजिटलवर लावली की साडेबारा फुटांच्या वर. खोली दहा फुटांची! म्हणजे फोटो काढणारा भिंतीपलीकडे. पस्तीस एमएमला फिल्मवर सहा फूटसुद्धा लागत नाहीत आणि डिजिटलवर नऊ फूट पुरतात. भिंतीला पाठ टेकवली की जमतं.

दोन्ही कॅमेरे वापरणाऱ्याने खरं तर इथेच निर्णय घ्यावा. पन्नासची लेन्स फिल्मवर डोळ्यांना सवयीची वाटेल असं दृश्य देते, पण एपीएस-सीवर तिची चौकट पंचाहत्तरच्या लेन्सइतकी आवळते. म्हणजे एक कामाची लेन्स आणि एक निव्वळ चेहऱ्यांची. पस्तीसचं उलट आहे. फिल्मवर ती खोलीत मावते आणि डिजिटलवर बावन्नच्या आसपास जाते. म्हणजे जी ‘पन्नास’ सगळे सुचवतात, ती खरी तिथे मिळते. पन्नासची शिफारस ही मुळात फिल्मच्या काळातली. कॅमेरे बदलले, सेन्सर आक्रसला, सल्ला मात्र घोकंपट्टीने पुढे चालू राहिला. तुमचा डिजिटल फुल फ्रेम असेल तर हा सेन्सरचा मुद्दा गैरलागू आहे. खोलीचा मुद्दा तरीही उरतोच.

‘पण कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर पन्नासच वापरत होते!’ हा हुकमी एक्का आहे. हो, बहुतेक काम त्यांनी पन्नासनेच केलं. पण फिल्मवर केलं. एपीएस-सीवर पन्नास लावून त्यांचं नाव घेणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून त्याची नजर मिळाली असं समजणं.

दुसरा आक्षेप ब्लरचा. मागचं दृश्य वितळवणं म्हणजेच चांगला फोटो, अशी एक समजूत आता पक्की झाली आहे. मॉडेलच्या मागे जाहिरातीचा फलक असेल तर वितळवा खुशाल. पण माणसाच्या मागे असतं ते बहुतेक वेळा त्याचं आयुष्य असतं. २००६ साली केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळही होता. त्या काळात आमच्या जिल्ह्यात कॅमेरे भरपूर आले. छापून आलं काय, तर गर्दीच्या डोक्यांवरून लांबच्या लेन्सने टिपलेला एखाद्या बाईचा रडका चेहरा, मागे नुसता रंग. तिचं शेत किती, घरात काय आहे, कापूस विकला गेला की पडून आहे, यातलं काहीही त्या फोटोतून कळत नव्हतं. यवतमाळच्या जागी दुसरं कुठलंही नाव छापलं असतं तरी चाललं असतं. याच्या उलट, २०१६ साली पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांची मुंबईच्या सफाई कामगारांवरची छायाचित्रं पाहा. माणूस आणि त्याचं काम एकाच चौकटीत आहेत. तो कशात उतरतो हे दिसतं, म्हणून त्याच्या चेहऱ्याला अर्थ येतो. रुंद लेन्सला हे असं काम जमतं. अट एकच, जवळ जावं लागतं. जवळ जायचं तर आधी विचारावं लागतं, बोलावं लागतं.

आता पस्तीस घ्यायची ठरली, तर दोन कॅमेऱ्यांचा विचार करून कशी निवडायची? पहिलं, लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग हवी. निकॉनच्या ‘जी’ लेन्सना ती नसते, त्यामुळे जुन्या मॅन्युअल बॉडीवर अ‍ॅपर्चर हाताने बदलताच येत नाही. दुसरं, फक्त एपीएस-सीसाठी बनवलेल्या स्वस्त लेन्सच्या मोहात पडू नका. निकॉनच्या ‘डीएक्स’ लेन्स फिल्म कॅमेऱ्यावर बसतात, पण चौकटीचे कोपरे अंधारतात. कॅननच्या ‘ईएफ-एस’ तर फिल्म बॉडीवर बसतच नाहीत. तिसरं, माउंट. निकॉनचा एफ माउंट १९५९पासूनचा, पेंटॅक्सचा के माउंट १९७५पासूनचा. दोन्हींवर जुनी लेन्स नव्या डिजिटल एसएलआरवर चालवण्याची सोय बरीच टिकून आहे. कॅननने १९८७ साली माउंट बदलला, त्यामुळे त्याआधीच्या एफडी लेन्स ईओएस एसएलआरवर सरळ बसत नाहीत. मिररलेसवर अ‍ॅडाप्टरने मात्र चालतात. चौथं, निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या डिजिटल बॉडीत फोकसची मोटर नसते. ‘डी’ लेन्स तिथे हातानेच फोकस करावी लागेल. त्याची भीती नको. पस्तीसवर एफ/११ ठेवून अंतर पावणेचार मीटरच्या आसपास लावा. फिल्मवर साधारण दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं.

लेन्स जुनी घेणार असाल तर टॉर्च लावून आत बुरशीचे धागे बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का तेही बघा, उन्हाळ्यात वंगण पातळ होऊन उतरतं.

राहिला पैशांचा आक्षेप, आणि तो खरा आहे. पन्नास स्वस्त आहे, पस्तीस महाग. म्हणून विकत घेण्याआधी एक बिनखर्चाचं काम करा. डिजिटलसोबत आलेली १८-५५ची झूम असेलच. ती पस्तीसवर ठेवा, रिंगवर चिकटपट्टी लावा आणि महिनाभर काढू नका. पुढचा महिना पन्नासवर. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांचे फोटो काढा. कुठल्या महिन्यात तुम्ही जास्त वेळा दाराबाहेर जाऊन उभे राहिलात ते मोजा. फक्त चेहरेच काढायचे असतील, किंवा नुसती फिल्मच वापरत असाल आणि अंगण मोठं असेल, तर पन्नास जरूर घ्या; माझं भांडण लेन्सशी नाही, न विचारता दिलेल्या उत्तराशी आहे.

मी आता पस्तीस वापरतो. गेल्या दिवाळीनंतर लोहाऱ्याला गेलो तेव्हा काकू नव्या घराच्या पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगाशेजारी बसली होती. टाइल्स, टीव्ही, देवाचं कॅलेंडर, मागे कापूस, मध्ये ती. मी भिंतीला पाठ टेकवून फोटो काढला. काकूचं म्हणणं, खोली आवरलेली नव्हती, तू सांगायला पाहिजे होतं.