बरणीतला साप बिनविषारी आहे, हे ठरवलं कोणी?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, मुलाने शेतातून सापाचं पिल्लू आणलंय. बिनविषारीच आहे. त्याला खायला काय घालायचं?” मोबाईलवर साप हाताळण्याचे व्हिडिओ वाढल्यापासून हा प्रश्न जास्त ऐकू येतो. माझं उत्तर एकच असतं: खायला काही घालू नका, बरणीही उघडू नका, आधी वनविभागाला फोन करा.

असं का सांगतो, ते एका रुग्णावरून समजेल. सतरा वर्षांच्या एका मुलाने ‘कवड्या’ समजून पांढऱ्या पट्ट्यांचं काळपट पिल्लू प्लास्टिकच्या बरणीत ठेवलं होतं. संध्याकाळी पाणी बदलताना ते बोटाला चावलं. दुखलं नाही, सूजही आली नाही. घरचे ओरडतील, वनखात्याची केस होईल, या भीतीने तो गप्प राहिला. रात्री पोटात दुखू लागलं. पहाटे पापण्या उघडेनात, थुंकी गिळता येईना. ते पिल्लू मण्यारचं होतं. काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून मुलगा वाचला, पण उपचाराचे सर्वात मोलाचे तास वाया गेले होते.

ओळखण्यात चूक का होते?

बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेकडे पुसट आणि मागे स्पष्ट. वाचायला सोपं वाटतं. पण पिल्लू वळवळत असताना, अपुऱ्या उजेडात हा फरक भल्याभल्यांना कळत नाही. घोणस आणि डुरक्या घोणस यांच्यातही अशीच गफलत होते. आणि पिल्लू लहान असलं तरी त्याला जन्मापासून विष असतं.

“दात काढलेत, आता भीती नाही,” असंही सांगितलं जातं. सापाचे विषदंत पुन्हा येतात. दात काढल्याने तोंडात जखम होऊन साप मात्र उपाशी मरतो.

बिनविषारी असला तरी?

रानातून पकडलेला साप कोंडल्यावर भेदरतो. पुष्कळदा खाणं सोडतो. अंगावर गोचिडी आणि पोटात जंत असतात, ते या ताणात बळावतात. दूध हे त्याचं अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप ते पितो इतकंच. शिवाय सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू घरात पसरू शकतात. पाच वर्षांखालील मुलं, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि केमोथेरपी किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांना त्यापासून जुलाब आणि गंभीर ताप येऊ शकतो.

कायद्यानेही हे चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे.

सरकार काय करतंय, आणि काय राहून जातंय?

एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणं हे त्याचं उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितलं. पाऊल योग्य आहे. कुठल्या तालुक्यात किती दंश होतात हे कळलं, तरच तिथे लस पुरेशी पोहोचेल.

पण नोंद होण्यासाठी रुग्ण आधी दवाखान्यात यायला हवा. साप पाळणारा नेमका भीतीपोटी दंश लपवतो. म्हणून पालकांना स्पष्ट सांगतो: ही नोंद आरोग्याच्या आकडेवारीसाठी आहे. साप पाळला होता, या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. मुलाला रागवायचं असेल तर बरा झाल्यावर रागवा.

लसीलाही मर्यादा आहे. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. सह्याद्रीतल्या चापड्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. चावला तर लस आहेच, या हिशोबाने साप हाताळू नये.

साप चावल्यास

- धीर द्या. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा.
- घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
- १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा.
- साप मारून किंवा पकडून आणू नका. लांबून सहज फोटो निघाला तर पुरे.
- चावल्याची वेळ आणि साप घरात होता हे डॉक्टरांना खरं सांगा.
- दुखत नसलं, सूज नसली तरी रुग्णालयात देखरेखीखाली राहा. मण्यारचा दंश असाच फसवतो.

घरात आत्ता बरणीत साप असेल तर मुलांना दूर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. स्वतः सोडायला जाऊ नका. हाताळताना होणारा दंश पूर्णपणे टाळता येतो, आणि तो टाळायला लस लागत नाही.