माझी सुरी, तिचं खुरपं

मी सुऱ्या बनवतो. झिजलेल्या, भंगारात गेलेल्या कानशींपासून. पुण्यात कोड लिहितो आणि सुट्टीला तेरखेड्याला आलो की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटवतो. ऑफिसात हे सांगितलं की लोक खुर्ची ओढून जवळ येतात. ‘हाताने? भारीच!’ गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने एका सुरीचे तीन हजार दिले. घासाघीस केली नाही.

यंदा मे महिन्यात अण्णांनी हायवेलगत पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाकडून खुरपं घेतलं. बाईने दीडशे सांगितले, अण्णांनी एकशेवीसवर आणलं. मी शेजारीच उभा होतो. गप्प.

त्या तीस रुपयांबद्दल मला बोलायचंय.

आधी काम समजून घ्या. कानशीच्या पोलादात साधारण एक टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, म्हणून तिची धार टिकते. आधी ती लाल करून राखेत हळूहळू थंड करायची, म्हणजे मऊ पडते. मग घासून आकार द्यायचा. दाते पूर्ण काढायचे, नाहीतर त्यांच्या खाचेतूनच तडा जातो. पुन्हा तापवायची, लोहचुंबक चिकटेनासं झालं की त्याच्या जरासं वर न्यायची आणि तेलात बुडवायची. आता पातं काचेसारखं ठिसूळ असतं. दोनशे अंशांच्या आसपास दोनेक तास ओव्हनमध्ये ठेवलं, फिकट पिवळा रंग चढला, की वापरण्याजोगं होतं.

हे मी मेकॅनिकलला शिकलोय. लोह-कार्बन आकृती परीक्षेत डोळे मिटून काढायचो. तरी त्या सुट्टीत माझी लागोपाठ दोन पाती तडकली. एक घेऊन पालावर गेलो. नवरा सांडशीत पाटा धरून बसला होता, बाई घण मारत होती. तिने घण टेकवला, तुटलेली कड उन्हात धरली, आतले जाड चकाकते दाणे बघितले आणि म्हणाली, ‘लई तापिवलंस दादा. जाळलंस.’

जास्त तापमानाने धातूचे कण वाढतात आणि तो ठिसूळ होतो, यावर मी पेपरात सविस्तर उत्तर लिहिलं होतं. तिला एका नजरेत कळलं. तिला अडाणी म्हणू नका. ती शिकलेली आहे, फक्त तिच्याकडे त्याचा कागद नाही.

मग माझे तीन हजार आणि तिचे एकशेवीस कसे? मित्र म्हणतात, तुझं फिनिशिंग बघ. ठीक आहे, माझी शिसवी मूठ चमकते. पण माझ्या सुरीने टोमॅटो कापून फोटो काढतात. तिच्या खुरप्याने एकरभर रान खुरपलं जातं. खरा फरक वेगळाच आहे. मला चुकायची मुभा आहे. पातं तडकलं तरी एक तारखेला पगार जमा होतो. तिचं बिघडलं तर त्या दिवसाची भाकरी बिघडते. आपण ज्याला ‘पॅशन’ म्हणून टाळ्या देतो ती बऱ्याचदा कला नसते, सवड असते.

आमचं गाव फटाक्यांचं. इथे आगीजवळ बसणं हा कुणाचा छंद नव्हता. दारू भरणाऱ्या हातांना आपण कारागीर म्हणत नाही, मजूर म्हणतो. स्फोट झाला की बातमीत त्यांचा आकडा येतो.

सरकारचंही बघा. १७ सप्टेंबर २०२३ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि स्वस्त कर्ज आहे. चांगलंच आहे. पण अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. आज इथे आणि महिन्याने दुसऱ्याच गावात असलेल्या पालाची ग्रामपंचायत कोणती?

कुणी विचारेल, मग त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घणच मारायचा का? मुळीच नाही. पालावरच्या पोरीने शाळेत जावं, वाटलं तर कोड लिहावा. कामाला दाम देणं म्हणजे माणसाला जातीच्या खुंट्याला बांधणं नव्हे. उलट आईला पुरा दाम मिळाला, तरच पोरगी भात्यापासून सुटेल.

अण्णांशी यावरून भांडलो. ते म्हणाले, ‘माझं सोयाबीन व्यापारी पाडून मागतो, तेव्हा कोण भांडतंय माझ्यासाठी?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या मालाचा भाव दुसऱ्याने ठरवावा, हे दुखणं अण्णांचंही आहे. मात्र ती सबब मला नाही. तुम्हालाही नाही, जर तुम्ही ऑनलाइन ‘हँडमेड’ शब्दासाठी जादा पैसे मोजत असाल आणि रस्त्याकडेला विळीच्या किमतीत दहा रुपये कमी करून घेत असाल.

सुऱ्या बनवणं मी सोडणार नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी पालावर तीस रुपये द्यायला गेलो. ‘कशाचे?’ तिने विचारलं. खुरप्याचे, म्हणालो. तिने मोजून कनवटीला लावले आणि पुन्हा घण उचलला. आभार मानले नाहीत. कशाला मानायचे? पैसे तिचेच होते.