व्यवहार हाही सिद्धांतच

समतेचे सिद्धांत पुस्तकात शोभतात, समाज आपल्या चालीनेच चालतो. रस्ते झाले, कारखाने आले, हाताला काम मिळाले की जातपात आपोआप गळून पडते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या रायापुरात उभे राहिले की हे म्हणणे खरेही वाटते. औद्योगिक वसाहत आहे, बीआरटीएसची, म्हणजे जलद बससेवेची, बस आहे, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्याची जात कोणी विचारत नाही. मग फुले, शाहू, आंबेडकर यांच्या विचारांवर एवढा खल कशाला?

या पूर्वपक्षाला उत्तर जवळच्या धारवाडातच आहे. 1856 मध्ये, धारवाड मुंबई इलाख्यात असताना, एका महार मुलाला तिथल्या सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने अन्याय अमान्य केला नाही. पण एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा ओस पडू देणे योग्य नाही, असे सांगून अर्ज फेटाळला.

याला निव्वळ व्यवहार म्हणायचे का? मुळीच नाही. बहुसंख्यांची सोय एकट्याच्या हक्कापेक्षा मोठी, हा पक्का सिद्धांत त्यामागे होता. शिक्षण आधी वरच्यांना द्यावे, ते झिरपत खाली जाईल, ही समजूतही तेव्हा सरकारदरबारी मुरलेली होती. म्हणजे सिद्धांत नको म्हणणारा माणूसही एक सिद्धांतच चालवत असतो. फक्त त्याचे नाव सांगत नाही.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. सामान्य जनतेला शिकवण्याचे धोरण 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यात आले होते. 1858 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनीही सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत, असे कळवले. तरी पुढची कित्येक दशके अस्पृश्यांची मुले शाळेबाहेर किंवा वेगळी बसत राहिली. कागदाने मन बदलत नाही, हे कबूल. पण यातून सिद्धांत निरुपयोगी ठरत नाही. त्याला अंमल, पैसा आणि चळवळ लागते, एवढेच ठरते. फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. शाहू महाराजांनी 1902 मध्ये करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. यातले काहीही आपोआप झाले नाही.

समता हे परके रोपटे आहे, हा आक्षेपही या मुलखात टिकत नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी, म्हणजे अनुयायांनी, जातीच्या उतरंडीलाच आव्हान दिले होते.

आज रायापुरातल्या अक्षयपात्र संस्थेच्या स्वयंपाकघरातून शाळांना दुपारचे जेवण जाते. शिजवलेले जेवण हा मुलांचा हक्क आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2001 चा आदेश आहे. दया आणि हक्क यांतला फरक त्या आदेशाने केला. पण याच संस्थेच्या कांदा-लसणाविना जेवणावरून कर्नाटकात वादही झाला. ताटात काय वाढायचे, हेसुद्धा कोणता तरी विचारच ठरवतो.

म्हणून सिद्धांत हवा की व्यवहार, हा वाद खोटा आहे. शाळेच्या दारात अडलेल्या त्या एकाला मोजणारा सिद्धांत चालवायचा की वगळणारा, हे ठरवावे लागते. जो ठरवत नाही, त्याच्यासाठी जुनी रूढी ठरवून मोकळी होते.